साथीच्या काळातील अंत्यविधी आणि सर्वधर्मीय संघटन

इबोलाने दगावलेल्या माणसाचे शरीर मृत्यूनंतरही कित्येक दिवस संसर्ग पसरवू शकते. आजाराच्या अखेरच्या टप्प्यात रक्तात, उलटीत, विष्ठेत विषाणूंचे प्रमाण सर्वाधिक असते, आणि नेमक्या त्याच वेळी पश्चिम आफ्रिकेतल्या घरांत नातलग आपल्या माणसाच्या सर्वांत जवळ जातात. मृताला आंघोळ घालणे, स्वच्छ वस्त्र नेसवणे, अंगावर हात ठेवून निरोप घेणे ही तिथल्या मुसलमानांची, ख्रिस्त्यांची आणि पूर्वजांच्या उपासनेची जुनी रीत सांभाळणाऱ्यांचीही सामाईक चाल आहे. २०१४ ते २०१६ या काळात प्रामुख्याने गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तीन देशांत पसरलेल्या साथीत सुमारे २८,६०० लोकांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक माणसे मेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वेळच्या अंदाजानुसार किमान २० टक्के नवी लागण अंत्यविधींतून होत होती. गिनीच्या आरोग्य खात्याने तर आपल्याकडच्या ६० टक्के रुग्णांचा संबंध पारंपरिक अंत्यविधींशी जोडला होता. सिएरा लिओनमधील साथीचा उगमही एका अंत्ययात्रेपाशी जाऊन पोहोचतो. गिनीच्या सीमेलगतच्या कैलाहून जिल्ह्यात एका नावाजलेल्या वैदू स्त्रीचा मृत्यू झाला. सीमेपलीकडून आलेल्या रुग्णांवर उपचार करताना तिला लागण झाली होती. तिच्या दफनाला जमलेल्या माणसांतून लागणीच्या साखळ्या गावोगाव गेल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वृत्तांतानुसार त्यांतून ३६५ पर्यंत मृत्यू झाले.

मृताला निरोप कसा द्यायचा हा एरवी घरचा आणि धर्माचा प्रश्न. या साथीत तो सरकारी धोरणाचा मुख्य प्रश्न झाला. कोणी दफन करायचे, कोणी उपस्थित राहायचे, कफन कसले, थडग्यावर नाव असणार की नाही, हे सारे सरकारी आदेशांनी ठरू लागले. पहिल्या काही महिन्यांत हे आदेश फसले. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांच्या संघटित पुढाऱ्यांनी, स्थानिक प्रमुखांनी, मदतसंस्थांनी आणि मानवशास्त्रज्ञांनी मिळून ते बदलायला लावले. संकटकाळात सर्वधर्मीय संघटनातून सामाजिक धोरण कसे बदलते आणि कुठे बदलत नाही, हे समजून घ्यायला अलीकडच्या इतिहासात याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

सर्वधर्मीय संघटन म्हणजे इथे सद्भावना मेळावा नव्हे. निरनिराळ्या धर्मांच्या संस्था एका व्यासपीठावर येतात, आपल्या अनुयायांच्या वतीने सरकारकडे निश्चित मागणी करतात आणि मागणी मान्य झाल्यावर तिच्या अंमलबजावणीची जबाबदारी स्वतः उचलतात, असा त्याचा अर्थ. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. नुसते निवेदन देणारे व्यासपीठ कुठेही उभे राहते. आपल्या मशिदीतल्या किंवा चर्चमधल्या लोकांनी नवा नियम पाळावा म्हणून दारोदार फिरणारे व्यासपीठ मात्र एका रात्रीत उभे राहत नाही.

सिएरा लिओनमध्ये ते साथीच्या बरेच आधी उभे होते. या देशात सुमारे तीन चतुर्थांश लोक मुसलमान आणि बहुतेक उरलेले ख्रिस्ती. एकाच घरात दोन्ही धर्मांची माणसे असणे, परस्परांत लग्ने होणे, ईद आणि नाताळ दोन्ही साजरे करणे तिथे नवलाचे नाही. १ एप्रिल १९९७ रोजी दोन्ही धर्मांच्या पुढाऱ्यांनी सिएरा लिओनची आंतरधर्मीय परिषद स्थापन केली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत लष्करी बंड झाले आणि आधीच सुरू असलेले यादवी युद्ध अधिक भीषण झाले. परिषदेच्या सदस्यांनी सरकार आणि बंडखोर या दोघांशीही बोलणी चालू ठेवली, १९९९ मध्ये बंडखोरांच्या ताब्यातील मुलांची सुटका करवली आणि ७ जुलै १९९९ च्या लोमे करारापर्यंत दोन्ही पक्षांना आणण्यात हातभार लावला. करारात वडीलधारे व धर्मपुढारी यांच्या मंडळाची तरतूद झाली आणि त्यावर सदस्य नेमण्याचा अधिकार या परिषदेलाही मिळाला. लायबेरियातही १९९० मध्ये, तिथल्या यादवी युद्धात, चर्चची परिषद आणि मुस्लिम परिषद यांनी मिळून मध्यस्थी समिती काढली होती. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या शांतता योजनेचा पाया तिच्या मसुद्यावर रचला गेला.

आरोग्याच्या क्षेत्रातही पूर्वानुभव होता. १९८० च्या दशकात सिएरा लिओनमध्ये बालकांच्या लसीकरणाचे प्रमाण अगदी नगण्य होते. युनिसेफच्या मोहिमेत तेव्हा इस्लामी कृतिगट आणि ख्रिस्ती कृतिगट असे दोन गट उभे राहिले. इमामांनी शुक्रवारच्या नमाजानंतर आणि पाद्र्यांनी रविवारच्या उपासनेत लसीचा विषय घेतला, आणि १९९० पर्यंत लसीकरण ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. श्रेय अर्थात लस पुरवणाऱ्यांचे आणि परिचारिकांचेही होते. पण मशीद आणि चर्च यांच्या जाळ्यातून आरोग्याचा संदेश शेवटच्या खेड्यापर्यंत जातो, हे त्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले होते. इबोलाच्या काळात हेच दोन गट ‘फोकस १०००’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने पुन्हा जागे करण्यात आले.

ते जागे होण्याआधीचे महिने अतिशय वाईट गेले. सिएरा लिओनमध्ये पहिले रुग्ण २५ मे २०१४ च्या सुमारास निश्चित झाले. जुलैच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष अर्नेस्ट बाई कोरोमा यांनी आणीबाणी जाहीर केली आणि ८ ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली. ऑगस्टमध्ये संसदेने इबोलाचा रुग्ण लपवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली. घरे एकवीस दिवसांसाठी बंद केली जात, बाहेर पोलीस किंवा सैनिक उभे राहत, आणि आत अन्नपाणी वेळेवर पोहोचेल याची खात्री नसे. १९ ते २१ सप्टेंबर असे तीन दिवस अख्खा देश घरात बसवून स्वयंसेवक दारोदार पाठवण्यात आले.

याच धोरणाचा एक भाग म्हणजे दफनाची व्यवस्था. मृत्यू झाला की ११७ या क्रमांकावर कळवायचे. मग अंगभर संरक्षक पोशाख घातलेले पथक येई, मृतदेह काळ्या बॉडी बॅगेत घाली आणि गाडीत टाकून घेऊन जाई. नातलगांना बरोबर जाता येत नसे. प्रार्थना होत नसे. थडग्यावर नाव असेलच असे नाही, आणि आई किंवा मूल नेमके कुठे पुरले हे अनेक घरांना कधीच कळले नाही. पुढे राजधानी फ्रीटाऊनच्या परिसरात तर मृत्यूचे कारण काहीही असो, प्रत्येक मृतदेह याच पद्धतीने हलवायचा असे ठरले. म्हणजे बाळंतपणात, मलेरियाने किंवा म्हातारपणाने गेलेल्या माणसाच्या वाट्यालाही तेच आले. संसर्गशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा होता, कारण चाचणीचा निकाल यायला वेळ लागे. परंतु ज्या समाजात नीट न पाठवलेला मृत माणूस जिवंतांना सोडत नाही असे मानतात, तिथे लोक काय करतील याचा विचार त्या निर्णयात नव्हता. लोकांनी जे केले ते अपेक्षितच होते. त्यांनी मृत्यू लपवले, रात्री गुपचूप दफने केली, आजाऱ्यांना दवाखान्यात नेणे टाळले. कायद्याचा धाक जितका वाढला तितका आजार दृष्टीआड गेला.

दफन पथकांत काम करणाऱ्या तरुणांचेही हाल झाले. गावात त्यांना कोणी जवळ येऊ देईना, काहींना घरातून बाहेर काढले गेले, वर भत्ता थकलेला. २०१४ च्या शेवटच्या महिन्यांत फ्रीटाऊन आणि केनेमा या शहरांत या कामगारांनी संप केले. केनेमामध्ये तर त्यांनी निषेध म्हणून मृतदेह रुग्णालयाच्या दारात ठेवले. व्यवस्थेला तिच्या खालच्या टोकाला किती ताण बसत होता याचे हे भयानक चिन्ह होते.

लायबेरियात परिस्थिती आणखी टोकाला गेली. राजधानी मोनरोव्हियाच्या सखल, पाणथळ जमिनीत पुरलेले मृतदेह वर येऊ लागले, वस्त्यांनी दफनांना विरोध केला, आणि ऑगस्ट २०१४ च्या सुरुवातीला सरकारने राजधानीच्या परिसरातील मृतांच्या दहनाचा आदेश काढला. दहन ही त्या देशातल्या ना मुसलमानांची रीत, ना ख्रिस्त्यांची, ना इतर कोणाची. राजधानीजवळ जे स्मशान उपलब्ध होते ते तिथे व्यापारासाठी स्थायिक झालेल्या भारतीय हिंदू समाजाचे होते. आपल्याकडे जो विधी मृताला मुक्ती देतो असे मानतात, तोच विधी तिथल्या कुटुंबांना आपल्या माणसाचा नायनाट वाटला. लायबेरियात मार्च महिन्यातला दुसरा बुधवार ही थडगी साफ करून सजवण्याची राष्ट्रीय सुट्टी असते. ज्याचे थडगेच नाही त्याच्यासाठी त्या दिवशी जायचे कुठे, हा प्रश्न फार खोल होता. पुढच्या महिन्यांत सुमारे दोन हजार मृतदेह जाळले गेले. दहनाच्या भीतीने रुग्ण उपचार केंद्रांकडे फिरकेनात, आणि वर्षअखेरीस केंद्रांत खाटा रिकाम्या असतानाही वस्त्यांत मृत्यू होत राहिले.

या सगळ्यात धर्मपुढारी सुरुवातीपासून शहाणे होते असे म्हणणे खोटे ठरेल. काहींनी आजार असल्याचेच नाकारले. काहींनी रुग्णांच्या अंगावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्यांतले कितीतरी स्वतःच दगावले. लायबेरियात चर्चपुढाऱ्यांच्या एका मोठ्या बैठकीने ही साथ म्हणजे भ्रष्टाचार आणि अनैतिकता यांबद्दल देवाचा कोप असल्याचे सांगितले व त्यात समलैंगिक माणसांकडेही बोट दाखवले. अशा विधानांनी आधीच भेदरलेल्या समाजात आणखी कोणाला तरी बळीचा बकरा बनवले. धर्मसंस्थांकडे लोकांचा विश्वास असतो, आणि तो विश्वास चुकीच्या दिशेनेही तितक्याच जोराने चालतो. म्हणून त्यांना आरोग्याच्या कामात आणणे ही ऐच्छिक गोष्ट नव्हती. त्यांना बाहेर ठेवले तरी त्यांचा प्रभाव चालूच राहणार होता.

सरकार आणि मदतसंस्था यांची पहिली चूक अशी की त्यांनी धर्मपुढाऱ्यांना भोंगा समजले. छापील संदेश हातात द्यायचा आणि तो मशिदीतून, चर्चमधून वाचून घ्यायचा, एवढीच त्यांची भूमिका ठरवली गेली. ‘इबोला खरा आहे, इबोला मारतो, त्यावर औषध नाही’ अशा आशयाचे सुरुवातीचे संदेश तर उलटेच काम करत होते. औषधच नाही म्हटल्यावर रुग्णाला दवाखान्यात कशाला न्यायचे, असे लोक विचारत, आणि इमामांकडे व पाद्र्यांकडे त्याचे उत्तर नसे. बदल झाला तो हे पुढारी प्रश्न घेऊन परत आले तेव्हा. लोकांना काय पाळता येईल आणि काय पाळता येणार नाही, हे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगायला सुरुवात केली. हात धुणे, हस्तांदोलन थांबवणे, उपासनेतली शांतिभेट बंद करणे हे लोक मान्य करतील. मृताला प्रार्थनेशिवाय, नावाशिवाय, कोणी आपले न पाहता पुरणे मान्य करणार नाहीत.

धर्मांतर्गत वादही त्यांना स्वतःच सोडवावा लागला, आणि तो भाग या साऱ्या कहाणीत सर्वांत शिकण्यासारखा आहे. इस्लाममध्ये मृताला गुस्ल देणे, म्हणजे विधिपूर्वक आंघोळ घालणे, हे समाजाचे कर्तव्य मानले जाते. ते टाळले तर सगळा समाज दोषी ठरतो. आरोग्य अधिकाऱ्याच्या मनाईने हे कर्तव्य संपत नाही. ते शिथिल करायचे तर धर्मशास्त्राच्या आतूनच आधार हवा. इमामांनी तो दाखवून दिला. साथीत मरणाऱ्याला हदीसमध्ये शहीदाचा दर्जा दिला आहे, आणि रणांगणावर पडलेल्या शहीदाला आंघोळ न घालता पुरण्याची परंपरा आहे. शिवाय पाणी वापरता येत नसेल तेव्हा मातीने करायच्या तयम्मुमची सोय शास्त्रात आहेच. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये, या हदीसने विलगीकरणालाही आधार मिळाला. ख्रिस्ती बाजूला लेवीय पुस्तकातील संसर्गजन्य रोग्याला वेगळे ठेवण्याचे नियम आणि आजाऱ्याची सेवा करण्याची येशूची शिकवण एकत्र मांडली गेली. दोन्ही गटांनी आपापल्या ग्रंथांतून संदेश तयार केले, पण दोघांचा मजकूर आरोग्याच्या एकाच नियमांवर उभा होता. मशिदीत एक आणि चर्चमध्ये दुसरेच सांगितले जाते, असा संशय त्यामुळे उरला नाही. नवरा मुसलमान आणि बायको ख्रिस्ती असलेल्या घरांत या एकवाक्यतेचे मोल फार होते.

७ नोव्हेंबर २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नवी पद्धत जाहीर केली. ती तयार करण्यात रेडक्रॉस व रेड क्रेसेंट यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाबरोबर चर्चची जागतिक परिषद, इस्लामिक रिलीफ, कारितास आणि वर्ल्ड व्हिजन या धार्मिक पायाच्या संस्थांचा सहभाग होता. तिच्यातल्या बारीकसारीक गोष्टी पाहिल्या की काय बदलले ते कळते. पथकाने गावात पोहोचताच संरक्षक पोशाख चढवायचा नाही, आधी साध्या कपड्यांत घरच्यांना भेटून सांत्वन करायचे. घरच्यांची संमती मिळेपर्यंत दफनाला हात घालायचा नाही. मृताच्या धर्माप्रमाणे विधी विचारून घ्यायचा. मुसलमान मृतासाठी हातमोजे घातलेल्या पथकाकडून तयम्मुम आणि पांढरे कफन, ख्रिस्ती मृतासाठी वाचन, प्रार्थना, पवित्र पाण्याचे शिंपण. घरच्यांना सुरक्षित अंतरावरून सगळे पाहू द्यायचे, थडगे खणण्यात आणि माती देण्यात सहभागी होऊ द्यायचे, आणि थडग्यावर नाव लिहायचे. सिएरा लिओनमध्ये काळ्या बॉडी बॅगांच्या जागी पांढऱ्या आल्या, कारण कफन पांढरे असते. स्त्रीचा मृतदेह स्त्रियांनीच हाताळावा या मागणीनुसार पथकांत बायका घेतल्या गेल्या. पथकाबरोबर इमाम किंवा पाद्री जाऊ लागले. वर्ल्ड व्हिजन, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस आणि काफोड यांनी मिळून देशातल्या अनेक जिल्ह्यांत ही पथके चालवली, तर राजधानीत आणि इतरत्र रेडक्रॉस व अन्य संस्थांची पथके होती.

यातली एकही गोष्ट विज्ञानाला मुरड घालून मिळवलेली नव्हती. मृतदेहाला उघड्या हाताने स्पर्श नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तसाच राहिला. सवलत मिळाली ती नियमाच्या भोवतालच्या कठोरपणात, आणि तो कठोरपणा बहुतांशी अनावश्यक होता. हे लक्षात यायला सहा महिने लागले आणि त्या सहा महिन्यांत हजारो माणसे गेली, ही खंत या विषयावरच्या गंभीर अभ्यासांत वारंवार येते.

लायबेरियातही डिसेंबर २०१४ मध्ये दहन थांबले. मार्गिबी प्रांतात डिस्को हिल येथे दफनभूमी तयार झाली, तिथे मुसलमानांसाठी आणि ख्रिस्त्यांसाठी स्वतंत्र भाग ठेवले गेले, आणि मार्च २०१५ मध्ये आधी जाळलेल्या मृतांच्या अस्थीही तिथे आणण्यात आल्या. त्या प्रसंगी इमाम, पाद्री आणि पारंपरिक प्रमुख एकत्र उभे होते. ज्यांना पुरायला देह उरला नव्हता त्यांना निदान जागा मिळाली.

या बदलाने साथ किती आटोक्यात आली, हे मोजणे सोपे नाही. तिन्ही देशांत मिळून केवळ रेडक्रॉसच्या सुरक्षित दफनांमुळे किती लागण टळली याचा एका अभ्यासात अंदाज केला आहे. तो सुमारे १,४०० ते १०,४०० असा फार रुंद आहे. त्याच काळात उपचार केंद्रांच्या खाटा वाढल्या, ब्रिटिश लष्कराच्या मदतीने जिल्हा पातळीवरील समन्वय सुधारला, संपर्कातल्या माणसांचा माग काढणे पक्के झाले. शिवाय लोक स्वतः शिकत होते. मानवशास्त्रज्ञ पॉल रिचर्ड्स यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की अनेक गावांनी बाहेरून आदेश येण्याआधीच निरीक्षणातून नियम शोधले, स्थानिक प्रमुखांनी उपविधी करून दंड ठेवले, आणि तज्ज्ञ व गावकरी एकमेकांकडून शिकत गेले. तेव्हा धर्मसंस्थांना एकट्यांना श्रेय देणे चुकीचे होईल. खात्रीने एवढे म्हणता येते की दफनाची पद्धत बदलल्यावर विरोध ओसरला आणि मृत्यू कळवण्याचे प्रमाण वाढले. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी सिएरा लिओन इबोलामुक्त जाहीर झाला. त्या देशाने ३,९५६ माणसे गमावली होती. त्यांत केनेमाचे डॉक्टर शेख उमर खान यांच्यासह अकरा डॉक्टर होते.

या संघटनाच्या मर्यादाही मोठ्या होत्या. आंतरधर्मीय परिषद म्हणजे मुख्यतः मुसलमान आणि ख्रिस्ती धर्मगुरूंची, म्हणजेच बहुतांशी पुरुषांची संस्था. पण मृताची सेवा घरात बायका करत होत्या. दाई, वैदू, पुरुषांच्या पोरो आणि स्त्रियांच्या बोंदो या गुप्त मंडळांतल्या ज्येष्ठांच्या हाती अंत्यविधीचे अनेक अधिकार होते. त्यांना चर्चेत जागा उशिरा मिळाली आणि अनेक ठिकाणी मिळालीच नाही. गिनीतील किस्सी समाजात गरोदर स्त्री मेली तर गर्भ वेगळा काढल्याशिवाय तिला पुरता येत नाही. असे न करता पुरल्यास गावावर अरिष्ट येते, अशी श्रद्धा आहे. साथीत अशी एक स्त्री दगावली, आणि शस्त्रक्रियेचा धोका पत्करणे अशक्य होते. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मानवशास्त्रज्ञाने गावातल्या जाणत्यांना गाठून प्रायश्चित्ताचा विधी शोधून काढला, त्याचा खर्च उचलला गेला आणि दफन शांतपणे पार पडले. हा मार्ग कोणत्याही मशिदीतून किंवा चर्चमधून गेला नव्हता. साथ ओसरत असताना एप्रिल २०१५ मध्ये सिएरा लिओनमधल्या शाळा उघडल्या तेव्हा सरकारने गरोदर मुलींना वर्गात बसायला बंदी घातली. शाळा बंद असताना अनेक मुली लैंगिक अत्याचाराला बळी पडल्या होत्या आणि बंदीने शिक्षा त्यांनाच झाली. ही बंदी मार्च २०२० मध्ये उठली, ती स्त्रीहक्क संघटनांच्या लढ्यामुळे आणि पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिलेल्या निकालामुळे. ज्या प्रश्नावर सगळे धर्म सहज एकत्र येतात तिथे सर्वधर्मीय संघटन प्रभावी ठरते. ज्यांच्याविषयी धर्मसंस्थांच्या मनातच किंतु असतो, त्यांना दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतात.

मराठी वाचकाला यात ओळखीचे बरेच काही दिसेल. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, आणि घरझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, मृतदेहांची तपासणी यांतून मुंबई-पुण्यात असाच संताप उसळला. तेव्हाही धोरण काही अंशी वाकले. मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांनी आपापली रुग्णालये काढली, पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले, आगाखानांनी हाफकिन यांची लस उघडपणे टोचून घेतली. परंतु हे समाज एकमेकांच्या शेजारी उभे राहिले, एका व्यासपीठावर क्वचितच आले. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मोमीन विणकरांच्या वस्तीतून उसळलेल्या दंगलीनंतर गोदीतल्या आणि गाडीवाल्या कामगारांनी धर्मभेद न पाहता काम बंद केले, हा त्यातला ठळक अपवाद. सक्तीची धार पुढच्या दोन वर्षांत बोथट झाली, पण त्यामागे वाटाघाटींपेक्षा दंगलींची आणि पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनाची भीती अधिक होती.

कोविडच्या काळात हाच प्रश्न मुंबईत आणि शेजारच्या देशात पुन्हा उभा राहिला. या वेळी मृतदेहातून पसरणाऱ्या संसर्गाचा पुरावा नव्हता, आणि मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने दहन सक्तीचे करण्याची गरज नसल्याचे सांगितले होते. तरीही ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने धर्म कोणताही असला तरी कोविडच्या मृतांचे दहनच करावे, असे परिपत्रक काढले. त्याच दिवशी ते बदलावे लागले. पुढे काही रहिवासी दफनाविरुद्ध न्यायालयात गेले, तेव्हा २२ मे २०२० च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक दफन हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. श्रीलंकेत मात्र एप्रिल २०२० मधला सक्तीच्या दहनाचा आदेश जवळजवळ वर्षभर टिकला. डिसेंबरमध्ये अवघ्या वीस दिवसांच्या मुस्लिम बाळाचे पालकांच्या इच्छेविरुद्ध दहन झाल्यावर कोलंबोतील स्मशानभूमीच्या कठड्यांवर सर्व धर्मांच्या लोकांनी पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या. देशभर आणि परदेशातून निषेध झाले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने दफनाला परवानगी दिली. पूर्वेकडील ओट्टामावडी येथे नेमून दिलेल्या एकाच जागी पुढच्या काळात साडेतीन हजारांहून अधिक मृतांचे दफन झाले. त्यांत बहुसंख्य मुसलमान असले तरी इतर धर्मांचे लोकही होते. जुलै २०२४ मध्ये श्रीलंकेच्या मंत्रिमंडळाने सक्तीच्या दहनाबद्दल अधिकृत माफी मागितली.